अंगठ्याएवढी टोपी

"बसली तर दादांची करामत, आणि उडाली तर सदानं नीट बसवली न्हाई," बॉनेटमध्ये कमरेपर्यंत वाकलेला सदा पुटपुटला. "आपलं नशीबच तसलं."

मी त्याला खेटून बॅटरीचा उजेड धरून उभी होते, त्यामुळं शब्दन् शब्द ऐकू आला. त्याचे दादा, म्हणजे माझे मालक, गाडीच्या पलीकडं दोन हातांच्या अंतरावर चहा पीत होते. सदानं आवाज काही फारसा खाली घेतला नव्हता.

"भावजी," मी दटावलं.

"काय भावजी? रंग तरी बघा, वहिनी. लग्नातल्या बँडवाल्याची टोपी काढून आणल्यागत."

पलीकडून हे म्हणाले, "झालं का रं?"

"झालं, दादा," सदा मान वर करून, त्यांच्याकडं बघून, मोठ्यानं म्हणाला.

ही गोष्ट सतरा वर्षांपूर्वीची. कोल्हापूरच्या उद्यमनगरात आमचं गॅरेज होतं. मागं इंजिनाचं काम, पुढं दहा बाय आठच्या खोलीत माझं रबराचं दुकान. होज, बेल्ट, ऑइल सील आणि असल्याच बारीकसारीक टोप्या. शाळा मी सातवीपर्यंत शिकले. रबर शिकले ते बरण्यांत. नवा माल आला की त्यातला एक नग पेट्रोलमध्ये, एक इंजिन ऑइलमध्ये, एक दोन्हीच्या काल्यात बुडवून खिडकीत ठेवायचे, बरणीवर तारखेची चिठ्ठी. आठ दिवसांनी काढून मापायचं, ताणायचं, नखानं चिरून बघायचं. सासूबाई होत्या तोवर आल्यागेल्याला सांगायच्या, "आमच्या शालनच्या लोणच्यात काही कमी नसतंय बघा, फक्त खाणारा मिळत न्हाई."

गाडी मुजावर डॉक्टरांची. डॉक्टर जनावरांचे. वर्षभर म्हशींच्या मागं फिरायचे आणि वर्षातला एक रविवार घाट चढायच्या शर्यतीला द्यायचे. त्या वर्षी त्यांनी जुन्या गाडीला आमच्याकडून टर्बो बसवून घेतला. त्या कामात कंपनीच्या नळ्यांचं बरंच जंजाळ निघालं आणि इंजिनाला हवा वाटून देणाऱ्या मॅनिफोल्डवर पाच नळ्या उघड्या राहिल्या. चार पेन्सिलीएवढ्या, एक अंगठ्याएवढी. त्या बुजवायला रबरी टोप्या लागतात. पाचही एका मुठीत मावतील, एवढाच जीव.

साधं इंजिन हवा आत ओढतं, त्यामुळं टोपी आपोआप चिकटून राहते. टर्बोचं इंजिन ओढतंही आणि जोर लावला की आतून फुंकतंही. फुंकलं की टोपी उडू शकते. मोठी उडाली तर ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला तरी इंजिनाचा वेग उतरत नाही, आणि ब्रेकला मदत करणारी ओढ संपून पेडल दगड होतं. सपाट रस्त्यावर माणूस शिव्या देतो. घाटात तेवढा वेळ मिळत नाही.

म्हणून टोप्या निवडायचं काम माझ्यावर आलं होतं. साधी काळी महिनाभरात तडकते. लाल सिलिकॉनची उष्णता सोसते, दिसायला देखणी, पण पेट्रोलची वाफ आणि तेल लागलं की फुगते, मऊ पडते. वरून क्लिप आवळावी तर चिरते. मला पाहिजे होती फ्लोरो रबराची, तीही काळीच, पण जाड, क्लिप सोसणारी. चार लहान मिळाल्या. मोठी पुण्याहून शनिवारी येणार होती, आणि डॉक्टरांना गुरुवारी सकाळीच घाटात गाडी चालवून बघायची होती. शुक्रवार-शनिवार त्यांचं लसीकरणाचं शिबिर, रविवारी शर्यत.

"शनिवारपर्यंत थांबायचं म्हणजे नुसतं टाळ्या वाजवायला जायचं, वहिनी," डॉक्टर बुधवारी माझ्या काउंटरवर कोपरं टेकून म्हणाले.

"वाजवा की. टाळ्या वाजवून कुणाचं हाड मोडत नाही."

"अहो, सिलिकॉन काय वाईट? आमच्या ऑपरेशनच्या नळ्या सिलिकॉनच्याच असतात."

"तुमची म्हैस पेट्रोल पीत नाही, डॉक्टर."

सदा खो खो हसला. हे हसले नाहीत. लाल टोपी बोटांत धरून तिची कड दाबत होते. हिंदुराव मिस्त्रींची बोटं म्हणजे काय, ते उद्यमनगरात कुणालाही विचारा. पण बोटांपेक्षा नाव होतं ते कानाचं.

"एका दिवसाचा प्रश्न हाय," ते शेवटी म्हणाले. "लाल बसवा. पुण्याची आली की बदलू. सकाळी जायच्या आधी मी ऐकतो. गळत असली तर गाडी सोडणार न्हाई."

डॉक्टर बुटांकडं बघत राहिले. सदानं स्वच्छ असलेला पाना पुन्हा पुसायला घेतला. मी बरणीवरची चिठ्ठी सरळ केली. मग डॉक्टर जरा जास्तच मोठ्यानं म्हणाले, "मग काय! मिस्त्रींनी ऐकलं की संपलं."

आणि टोपी बसली.

ऐकणं म्हणजे काय, ते सांगायला हवं. आमच्या गॅरेजातून मोठं काम झालेली गाडी मिस्त्रींनी ऐकल्याशिवाय बाहेर पडत नसे. हातभर रबरी नळी घ्यायची, एक टोक कानाला, दुसरं इंजिनावर फिरवायचं. हवा कुठून चोरून आत जात असली तर तिथं बारीक सुस्कारा ऐकू येतो. हे ऐकायला लागले की शेजारचे लेथवाले लेथ बंद करत. रस्त्यावरचा माणूसही खोकला दाबायचा. सगळं ऐकून झालं की हे नळी गळ्यात टाकायचे आणि म्हणायचे, "गप झाली." मग चाकाखाली लिंबू. सांगलीहून, बेळगावाहून माणसं तेवढ्या दोन शब्दांसाठी यायची. तीस वर्षांत तो शब्द खाली पडला नव्हता.

तीस वर्षं म्हणजे शेजारच्या लेथचीही तीस वर्षं, आणि समोरच्या पत्र्याच्या शेडमधल्या हातोड्यांचीही.

आमच्या घरात टीव्हीचा आवाज वाढत चालला होता. आम्ही म्हणायचो, टीव्ही जुना झालाय. गॅरेजातला फोन मी उचलायचे. आम्ही म्हणायचो, वहिनीला गिऱ्हाइकाशी बोलायला जमतं. सदा पूर्वी गाडीखालून बोलायचा, आता बाहेर येऊन, समोर उभा राहून बोलायचा. ठरवून असं काही नव्हतं. वाटेत खड्डा असला की रोज जाणारी माणसं बोलता बोलता बाजूनं जातात, तसं आम्ही जात होतो.

महिन्यापूर्वी मी एकदा त्या खड्ड्यात पाय घातला होता. निपाणीच्या एका तंबाखूवाल्याची जीप होती. हे नळी लावून ऐकत होते आणि मी चार माणसांदेखत म्हणाले, "अहो, तिकडं मागं सुस्कारतंय बघा." एवढंच. यांनी नळी खाली ठेवली, हात पुसले आणि निघून गेले. तंबाखूवाला म्हणाला, "बाईचा कान तिखट हाय." सगळे हसले. दोन दिवस हे गॅरेजात आले नाहीत. तालमीच्या पायरीवर बसून राहिले. मी डबा पाठवला तो तसाच परत आला. तिसऱ्या दिवशी आले ते एखाद्या नव्या जागी कामाला लागल्यासारखे. कुठली वस्तू कुठं आहे हे विचारत होते. तेव्हा मी मनाशी ठरवलं, पुन्हा म्हणून चारचौघांत आपण तोंड उघडायचं नाही.

गुरुवारी सकाळी साडेसहाला डॉक्टर आले. हेल्मेट, हातमोजे, आणि बायकोनं दिलेला पराठ्यांचा डबा. सदा त्यांच्याबरोबर जाणार होता, शेजारी बसून इंजिनाचे काटे बघायला.

"घरी सांगितलं का, कुठं निघालात ते?" मी विचारलं.

"म्हैस अडलीय म्हणून सांगितलं."

"डब्यासकट?"

"तिला सगळं कळतं, वहिनी. डबा तिनं उगीच दिला नाही."

यांनी हात वर केला. लेथ थांबला. डॉक्टरांनी इंजिन चालू केलं. मी नेहमीच्या जागी, यांच्यासमोर, बॅटरी घेऊन उभी राहिले. ते काम ते दुसऱ्या कुणाला देत नसत. नळीचं टोक पहिल्या टोपीवर गेलं, दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या. माझ्या काळ्या चार टोप्या गच्च होत्या. मग टोक लाल टोपीशी आलं.

चहाचं आधण उकळायच्या आधी पातेलं जसं बारीक सूं करतं, तसं काहीतरी होतं. नळी कानाला न लावताही मला ते ऐकू येत होतं. मी सदाकडं बघितलं. सदानं माझ्याकडं बघितलं. डॉक्टरांची स्टिअरिंगवर ताल धरणारी बोटं थांबली.

यांनी मान वर करून माझ्याकडं बघितलं.

मला वाटलं, त्यांना शंका आली. मला वाटलं, मी आता नुसती भुवई उडवली तरी तो तंबाखूवाल्याचा दिवस पुन्हा उगवेल. पलीकडं लेथवाले, त्यांची माणसं, सगळे बघत होते. मला वाटलं, सदा बोलेल. सदानं नंतर सांगितलं, त्याला वाटलं, वहिनी बोलेल. मी पदर सावरायचं निमित्त केलं, मान वळवली, आणि वळवताना थोडं हसले.

"गप झाली," हे म्हणाले.

लेथ सुरू झाला. लिंबू चाकाखाली फुटलं. सदा गाडीत बसला, पट्टा आवळला, आणि काचेतून म्हणाला, "जातो, वहिनी."

आमच्या घरात कुणी 'जातो' म्हणत नाही. त्यालाही ते तोंडातून गेल्यावर कळलं. पण गाडी निघाली होती.

मी दुकानात आले. झाडून काढलं, देवाला उदबत्ती लावली. मग उगीच खिडकीतली एक बरणी उघडली. त्याच मालातली मोठी लाल टोपी रविवारपासून काल्यात होती. रविवारी मी ती अंगठ्यात घालून बघितली होती तेव्हा ओढून काढावी लागली होती. आता अंगठ्यात घातली, हात खाली केला, आणि ती आपली आपण घसरून फरशीवर पडली. आवाजसुद्धा झाला नाही. चार दिवस बरणीत लागले. तापलेल्या इंजिनाला किती लागतील, याचा हिशेब मला येत होता. माझ्या आयुष्यात तेवढा एकच हिशेब मला चांगला येतो.

सदाचा फोन लावला. लागला नाही. साळवणच्या पुढं रेंज नसायची. पुन्हा लावला. डॉक्टरांचा लावला.

हे मागं बाकावर चहा पीत बसले होते. मी समोर जाऊन उभी राहिले.

"अहो, घाटात जायला पाहिजे. आत्ता."

त्यांनी माझ्या चेहऱ्याकडं बघितलं. बराच वेळ बघितलं. का, म्हणून विचारलं नाही. अर्धा ग्लास खाली ठेवला आणि खिळ्यावरची व्हॅनची किल्ली काढली.

गगनबावड्याच्या रस्त्याला आमची व्हॅन इतकी पळाली नव्हती. कळे मागं पडलं तसं मी बोलायला लागले. समोर रस्त्याकडं बघतच बोलत होते, कारण यांच्याकडं बघवत नव्हतं. म्हटलं, मला ऐकू आलं होतं. सूं करत होतं. मी ऐकलं आणि मान फिरवली, मुद्दाम फिरवली. तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून फिरवली. सदाला काही झालं तर जाऊबाईला मी काय तोंड दाखवू? त्या जीपच्या वेळी मी बोलले ती माझी चूक, आणि आज बोलले नाही ती त्याहून मोठी. साळवण येईपर्यंत मी सगळं सांगून मोकळी झाले. लग्नाला सव्वीस वर्षं झाली होती, एका दमात एवढं मी कधी बोलले नव्हते.

ते रस्त्याकडं बघत गाडी चालवत राहिले. एक शब्द नाही. गालावरची शीरसुद्धा हलली नाही. मी मनात म्हटलं, बरोबर आहे. माझ्याशी आता बोलायचं तरी काय.

गगनबावडा ओलांडून करूळ घाट उतरायला लागलो. पहिलं वळण रिकामं. दुसऱ्या वळणावर एक ट्रकवाला वर येत होता, त्यानं हात बाहेर काढून खाली दाखवला. यांनी वेग कमी केला नाही, वाढवलाही नाही. माझ्या मांडीवर पराठ्याचा डबा दिसायला लागला, डॉक्टरांच्या बायकोच्या हातातला, फडक्यात बांधलेला. तो तिथं नव्हता, पण दिसत होता.

तिसऱ्या वळणावर गाडी होती.

रस्त्याच्या कामासाठी कुणीतरी मुरमाचा ढीग टाकून ठेवला होता. त्यात नाक खुपसून, तिरकी, मागचं एक चाक अधांतरी. ढिगाच्या पलीकडं कठड्याचे दोन दगड तेवढे शिल्लक होते. त्यापुढं काही नव्हतं. खाली कुठंतरी कोकण होतं, धुक्यात.

डॉक्टर रस्त्याकडेला बसले होते, कपाळाला रुमाल, रुमाल लाल. सदा उभा होता, डावं मनगट उजव्या हातात धरून, जणू ते दुसऱ्या कुणाचं आहे आणि परत द्यायचंय.

"जिवंत हाय, वहिनी," तो मला बघून म्हणाला. "दोघंबी हाय."

मला रडता आलं नाही. मी त्याच्या मनगटाला पदर बांधायला गेले तर तो ओरडला, मग हसला, मग पुन्हा ओरडला.

"सरळावर पूर्ण दाबली होती," डॉक्टर सांगत होते. त्यांचा आवाज दुसऱ्याच कुणाचा तरी होता. "फट् झालं. वळण आलं म्हणून पाय काढला, तर वेग उतरेचना. एक ब्रेक लागला. दुसऱ्याला पेडल दगड. सदानं किल्ली बंद केली, हँडब्रेक ओढला..."

"आणि मुरूम दिसला," सदा म्हणाला.

"आणि मुरूम दिसला," डॉक्टर म्हणाले.

हे बॉनेट उघडून उभे होते. चार काळ्या टोप्या जागेवर होत्या. अंगठ्याएवढी नळी उघडी. त्यांनी तिच्यात बोट घातलं आणि तसेच उभे राहिले.

मग आम्ही सगळे एकदम बोलायला लागलो.

"माझीच घाई नडली, मिस्त्री," डॉक्टर त्यांच्यासमोर येऊन म्हणाले. "वहिनी थांबा म्हणत होत्या."

"तसं न्हाई, डॉक्टर. मीच बसवताना नळी पुसली न्हाई," सदा म्हणाला. "तेलाचा हात लागला असणार. चूक माझी हाय, दादा."

"मालच खराब होता," मी म्हटलं. "तो सगळा लॉट मी परत पाठवणार आहे."

"सकाळी कायतरी बारीक आवाज आल्यागत झालं मला," डॉक्टर बोलून गेले, आणि लगेच म्हणाले, "पण तो पंख्याचा असणार."

"पंख्याचाच," सदा म्हणाला.

"पंखा जुना आहे," मीही म्हटलं.

हे आळीपाळीनं आमच्या तोंडांकडं बघत होते. डॉक्टरांच्या, सदाच्या, माझ्या, पुन्हा डॉक्टरांच्या. नळीतलं बोट त्यांनी काढलं आणि हात वर केला, गॅरेजात करायचे तसाच. आम्ही गप्प झालो.

"लॉट खराब न्हाई," ते म्हणाले. "आणि सदाचा हातबी खराब न्हाई. पंख्याला कशाला नावं ठेवताय?"

"दादा, ऱ्हाऊ दे आता," सदा म्हणाला.

"काय ऱ्हाऊ दे? तू ऱ्हायला असतास खाली." त्यांनी दरीकडं न बघता हात केला. मग माझ्याकडं बोट दाखवलं, पण बोलले डॉक्टरांशी. "दोन वर्सं झाली. मी नळी कानाला लावतो आणि हिच्या चेहऱ्याकडं बघतो. हिच्या कपाळाला आठी पडली की गळतंय. न्हाई पडली की गप. दोन वर्सांत एकदाबी चुकलं न्हाई. आज हिनं मान वळवली, आणि हसली. मला वाटलं, हसली म्हंजे गप."

वरून एक एसटी वळण घेऊन आली, आम्हाला बघून हॉर्न वाजवत, लांबलचक. आम्ही तिघंही दचकून बाजूला झालो. ते तिथंच उभे होते, रस्त्यात, एसटीकडं पाठ करून. मी धावत जाऊन त्यांच्या दंडाला धरून ओढलं. एसटी अगदी जवळून गेली, तेव्हा त्यांना ती दिसली.

त्यांनी माझा हात सोडवला नाही. तसाच राहू दिला, आणि डॉक्टरांच्या डोळ्यांत बघून म्हणाले,

"डॉक्टर, मला ऐकू येत न्हाई."